बोटभर तांबं

आमचे हे स्वस्थ बसले की मला धडकी भरते. लग्न झालं तेव्हा असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. कारण तेव्हापासून उठता-बसता माझ्या तोंडात एकच वाक्य आहे, "अहो, जरा टेका की!"

ह्यांचा धंदा फ्रिज आणि एसी दुरुस्तीचा. आमच्या भागात ह्यांना सगळे 'चुळबुळे' म्हणतात. खरं आडनाव पोस्टमनलासुद्धा आठवत नाही. जेवताना ह्यांचा पाय हलतो, झोपेत बोटं हलतात, आणि जागेपणी जे हलत नसेल ते हे हलवून बघतात. कुणाकडे गेलो की चहा येईपर्यंत त्यांच्या दाराची कडी ह्यांच्या हातात आलेली असते. एकदा माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याला बघायला दवाखान्यात गेलो. मी तब्येतीची चौकशी करतेय, तोवर हे खाटेखाली शिरले आणि कुरकुरणारं चाक काढून बसले. रोगी बिचारा तिरका झाला. नर्स आली आणि तिने आम्हा दोघांना बाहेर काढलं. बाहेर आल्यावर हे मला म्हणतात, "चाकात केस अडकले होते, अजून जरा वेळ मिळाला असता तर झालं असतं."

चाक असो की कडी, ह्यांचं औषध एकच. तांबं. कामावरून उरलेले तांब्याच्या नळीचे तुकडे ह्यांच्या खिशात कायम खुळखुळत असतात. माझी छत्री मोडली, दांड्यात तांब्याची नळी. पडद्याची दांडी वाकली, तांब्याची नळी. बादलीची कडी, झारीची तोटी, देवळीतल्या रेडिओची एरियल, सगळीकडे तांबं. माझ्या चष्म्याची डावी काडीसुद्धा तांब्याची आहे आणि उन्हात ती कानाला चटका देते. मी कुरकुर केली की ह्यांचं ठरलेलं उत्तर, "लोखंड हट्टी, ॲल्युमिनियम रडकं. तांबं ऐकतं."

दुसरी सवय ठोकायची. काही अडलं की पान्याच्या पाठीने दोन ठोके, हलकेच. पंखा, नळ, कुलूप, गिऱ्हाइकाचा कॉम्प्रेसर, सगळ्यांना तोच उपचार. मला ठसका लागला तरी पाठीवर दोनच थापा बसतात, तिसरी नाही. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा अडलेलं सुटतं, त्यामुळे मला बोलायला जागा उरत नाही.

आमची लेक बापावर गेली. नाकडोळे माझे, हात ह्यांचे. ती फ्रॉक घालायच्या वयात ह्यांच्या पेटीतून पाने काढून घरभर ठोकत हिंडायची आणि हे कौतुकाने बघायचे. आता ती आणि जावई मिळून गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचं वर्कशॉप चालवतात. पत्र्याची शेड, पुढे रस्ता, मागे मोकळं मैदान. जावई मापं घेतो, गिऱ्हाइकाकडे जाऊन गेट उभं करतो. गॅसवर लोखंड कापायचं काम लेकीचं. गॉगल लावून ती उकिडवी बसली की मला तिच्याकडे बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

त्या गॅसला दोन नळ्या असतात. निळीतून ऑक्सिजन येतो, लालमधून ॲसिटिलीन. दोन्ही पुढे टॉर्चमध्ये एकत्र येतात आणि ज्योत होते. मध्यंतरी एकदा पत्रा निसटला आणि त्याच्या धारेने लाल नळी चिरली. जावई म्हणाला, "नवीन नळी आणतो. नाहीतर निदान दुकानातून जोड तरी आणतो." आम्ही दोघं तिथेच होतो. हे पुढे सरसावले, "कशाला? मी आहे ना!"

चिरलेला भाग कापला, खिशातून बोटभर तांब्याची नळी काढली, दोन्ही टोकं तिच्यावर चढवली, क्लिपा आवळल्या. मग साबणाचा फेस लावून बघितलं. एक बुडबुडा येईल तर शपथ! जावयाने "झकास!" म्हणून दाद दिली. लेक म्हणाली, "बाबांचा हात लागला म्हणजे बघायलाच नको." घरी येईपर्यंत हे स्कूटरवर शीळ घालत होते.

यात काही चुकलंय असं ह्यांच्या मनालाही शिवलं नाही, आणि का शिवावं? तोच गॅस हे रोज वापरतात. त्याच ज्योतीने तांब्याला तांबं जोडतात. उभा जन्म ह्यांनी ती दोघं एकत्र नांदताना पाहिली होती. एखादा सुतार किंवा गवंडी असता तर त्याने निमूटपणे दुकानातून जोड आणला असता. ही चूक करायला फ्रिजवालाच हवा.

मग परवा-परवाची गोष्ट. ह्यांचा गॅस संपला म्हणून हे सिलिंडर बदलायला डेपोवर गेले. मी भांडी घासत होते. स्कूटरचा आवाज बंद झाला, दार वाजलं, आणि मग काहीच ऐकू येईना. एरवी हे घरात आले की आधी कडी हलते, मग चपलांचं कपाट, मग पंख्याचं बटण. मी ओल्या हातांनी बाहेर आले. हे खुर्चीत बसले होते. पाय जमिनीवर सपाट. बोटं मांडीवर पडलेली.

"फोन कुठाय माझा?" हे म्हणाले. सकाळी निघताना चार्जिंगला लावून विसरले होते.

"काय झालं? सिलिंडर कुठाय?"

"फोन दे आधी. पोरीला लाव."

मी फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. कामाला लागली की ती फोन पिशवीत टाकून ठेवते, आणि ग्राइंडर चालू असला की तिला काही ऐकू येत नाही. मी परत लावत राहिले आणि हे तुटक तुटक बोलत राहिले.

डेपोवरचा माणूस ह्यांचा जुना ओळखीचा. गेले की दोघांच्या गप्पा ठरलेल्या. त्याच्याकडे कुणीतरी फाटकी नळी घेऊन आलं होतं, तेवढ्यावरून ह्यांनी आपली फुशारकी सुरू केली, खिशातला तुकडा काढून दाखवला. लेकीची नळी अशी जोडलीय, म्हणाले, की कंपनीने बघत राहावं. त्या माणसाने विचारलं, "कुठली नळी? निळी की लाल?"

"लाल."

"त्यानं हातातला चहा खाली ठेवला गं," हे मला म्हणाले. "अर्धा कप तसाच."

मग त्याने सांगितलं. ॲसिटिलीन तांब्याच्या संगतीत कोंडून राहिला की नळीच्या आतून एक पापुद्रा धरतो. तांबूस, काळपट. तो वाळला की त्याला काडीसुद्धा लागत नाही. नळी वाकवली, पिळली, घासली गेली तरी तो उडतो. आणि तो उडाला की नळीच्या दुसऱ्या टोकाला भरलेला सिलिंडर असतो.

ह्यांना ते पटेना. हे वाद घालायला उभे राहिले, "मग टॉर्चचं नोजल कशाचं असतं? तांब्याचंच ना?"

"नोजलमधून गॅस पळतो," तो म्हणाला. "तुझ्या नळीत तो मुक्कामाला असतो. पेटलेला तुझ्या ओळखीचा आहे, न पेटलेला नाही. दुकानात पितळेचा जोड उगाच ठेवतात का? त्यातलं तांबं मोजून-मापून घातलेलं असतं."

ह्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, "आणि ठोकलं तर?"

त्याने गॅस कंपनीच्या माणसांना फोन लावला आणि ह्यांना बजावलं की लेकीला सांग, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद कर, नळीला बोट लावू नकोस, आणि बाहेर ये. पण सांगणार कसं? लेकीचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये, फोन घरात. नंबर हल्ली पाठ असतात कुणाला! तिच्या वर्कशॉपपेक्षा घर जवळ, म्हणून हे घरी आले. आणि आल्यावर फोन कुठे ठेवलाय तेच आठवेना.

लेक फोन उचलेना, म्हणून मी जावयाला लावला. त्याने लगेच उचलला. तो एका गिऱ्हाइकाकडे गेट बसवत होता.

"आई, ती दुकानात आहे ना. कटिंग चाललंय तिचं. काय झालं?"

मी धड सांगितलं की नाही कोण जाणे. तांबं, जोड, गॅस, जे सुचेल ते बोलले. तो म्हणाला, "एवढंच ना? मी जातो आणि काढून टाकतो. दोन मिनिटांचं काम."

"हात लावायचा नाही!" मी इतक्या जोराने ओरडले की शेजारीण गॅलरीत आली. "कुणीही हात लावायचा नाही त्याला!"

स्कूटरवर मी ह्यांच्या मागे बसले. एक हात ह्यांच्या खांद्यावर, दुसऱ्यात फोन. एरवी सिग्नलला थांबलो की हे आरसा फिरवतात, ब्रेकची तार ओढून बघतात, शेजारच्या माणसाला तुमच्या चाकात हवा कमी आहे म्हणून सांगतात. त्या दिवशी दोन्ही हात हँडलवर घट्ट. सिग्नल सुटेना. पुढे एक टेम्पो आडवा लागला, त्याच्यातून कपाटं उतरवत होते. मी टेम्पोवाल्याला नको ते बोलले. रिंग वाजत होती, बंद होत होती, मी परत लावत होते. माझ्या मनात एकच चित्र होतं, आणि त्यात लेकीच्या हातात पाना होता. ह्यांच्याही मनात तेच असणार.

वर्कशॉपपाशी पोचलो तर ग्राइंडरचा आवाज नाही, ज्योतीचा नाही, काहीच नाही.

लेक आत होती. गॉगल कपाळावर चढवलेला, उकिडवी बसलेली, समोर लाल नळी. हातात पाना.

"अरे, बाबा? बरं झालं आलात. ज्योत धरतच नाहीये. बारीक होते आणि फट्कन विझते. जोडापाशी काहीतरी अडकलंय बहुतेक."

"पाना खाली ठेव," हे म्हणाले.

"अहो पण बघा ना..."

"खाली ठेव. हळू. आवाज नको."

ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, तिनेही नसेल. तिने अंडं ठेवावं तसा पाना जमिनीवर ठेवला. ह्यांनी दाराजवळच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. तेवढं एकच काम ह्यांच्या हातांनी केलं. मग तिच्या दंडाला धरून तिला बाहेर आणलं.

"ठोकलंस?" रस्त्यावर आल्यावर ह्यांनी विचारलं.

"हो. मघाशी दोनदा. हलकेच." ती आमच्या तोंडांकडे बघत होती. "तुम्हीच नाही का शिकवलंत?"

मग मी तिला सगळं सांगितलं. शेजारी सोफे शिवणारा आहे, त्याला आणि त्याच्या कामगारांनाही बाहेर काढलं. आम्ही सगळे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. गॅस कंपनीची गाडी निघाली होती. ती येईपर्यंत काही करायचं नव्हतं, आणि काही न करणं म्हणजे काय ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.

ह्यांनी तीनदा रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं. "मी लावलंय, मीच काढतो. तुम्ही सगळे लांब व्हा. माझं वय झालंय." मी शर्ट धरून ठेवला. शर्टाचं बटण तुटलं तरी सोडला नाही. तेवढ्यात जावई मोटरसायकलवरून आला, गाडी तशीच टाकली आणि धावतच निघाला, "थांबा बाबा, तुम्ही नको. मी आत्ता काढतो. एक पक्कड मारली की निघेल."

"तुम्ही नाही, मी."

"अहो बाबा, माझं दुकान आहे."

"जोड माझा आहे!"

दोघं एकमेकांना मागे ओढत होते आणि पुढेही जात होते. बाकी वेळी मी हसले असते. लेक मध्ये येऊन उभी राहिली आणि किंचाळली, "कुणीही आत जाणार नाही!" मग ती ह्यांच्याकडे वळली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "बाबा, तुम्ही तर नाहीच. आजपासून माझ्या दुकानात कशाला म्हणून हात लावायचा नाही. कशालाच नाही."

सोफेवाल्याने खाली बघितलं. जावयाने खाली बघितलं. ह्यांनी एकदा मान हलवली, फूटपाथच्या कडेला बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. शाळेत मास्तरांनी गप्प बसवलेलं पोर बसतं तसे. जावई थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिला, मग ह्यांच्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "मला तरी कुठे माहीत होतं, बाबा? मीच झकास म्हणालो होतो." ह्यांची नजर शेडच्या दारावर खिळलेली होती, आणि मी ह्यांच्या पायाकडे बघत होते. पाय हलत नव्हता.

गाडीतून एक बाई उतरल्या आणि त्यांच्याबरोबर एक माणूस. जाड कोट, तोंडावर काच. बाईंनी आरडाओरडा केला नाही, कुणाला दोष दिला नाही. ह्यांच्याजवळ येऊन विचारलं, जोड किती लांब आहे, नळीच्या आत किती गेलाय, क्लिपा कशा आवळल्यात. ह्यांनी हात मांडीखालून काढून बोटावर माप दाखवलं आणि परत मागे घेतले. मग त्या दोघांनी आम्हाला आणखी लांब पाठवलं. त्यांनी आत काय केलं ते आम्हाला दिसलं नाही. पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला. बऱ्याच वेळाने ते लांब दांड्याच्या चिमट्यात काहीतरी धरून शेडच्या मागे मैदानात गेले, मातीच्या ढिगामागे ते निकामी करायला.

मग आवाज झाला. एकच. झाडावरचे कावळे उठले, सोफेवाल्याच्या काचेचा एक तुकडा खाली पडला. तो आवाज कानात कमी आणि छातीत जास्त बसला. बोटभर वस्तूचा तो आवाज होता.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातमोज्यात तो तुकडा होता. मटाराची शेंग उकलावी तसा उभा उकललेला. लेकीने तो बघितला, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, आणि भिंतीकडे तोंड करून ओकली. मी तिची पाठ चोळायला गेले तर तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"ओलसर होतं आतून," बाई म्हणाल्या. "म्हणून ठोकल्यावर उडालं नाही. दर वेळी असं होत नाही." निघताना त्या ह्यांच्यापाशी थांबल्या. "काही जोडण्याआधी दोनच गोष्टी विचारत जा. हे कशाचं आहे, आणि आत काय राहणार आहे."

"आता जोडतोय कोण!" हे म्हणाले.

घरी आल्यावर ह्यांनी खिसे रिकामे केले. सगळे तुकडे एका डब्यात भरून डबा माळ्यावर ठेवला. हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली. आणि खुर्चीत बसले.

ते बसलेच. गिऱ्हाइकांचे फोन आले की दुसऱ्या मेकॅनिकचं नाव सांगू लागले. नळ ठिबकत राहिला, हे ऐकत राहिले. एकदा माझ्याकडे टक लावून बघत होते, मला वाटलं काहीतरी बोलणार, तर उठून माझ्या कानामागची काडी चाचपायला लागले, "हा चष्मा काढून ठेव. नवीन आणू."

"माझ्या चष्म्यानं कुणाचं घोडं मारलंय?" मी म्हणाले. "माझ्या कानात गॅस नाहीये."

पूर्वी अशा बोलण्यावर हेही चार शब्द ऐकवत. आता परत जाऊन बसले. इतकी वर्षं मी ह्यांना बसा बसा म्हणत आले, आणि आता बसलेले हे मला बघवेनात. घर ओकंबोकं वाटायला लागलं. मी स्वयंपाकघरात सुरीच्या टोकाने पातेल्याच्या दांड्याचा स्क्रू ढिला केला आणि ते पातेलं ह्यांच्यापुढे नेऊन आपटलं.

"दांडा हलतोय याचा. चहा अंगावर सांडला असता."

ह्यांनी बघितलं, हात पुढे केला नाही. "नवीन आण," म्हणाले.

मी आत जाऊन रडले. मग डोळे पुसून लेकीला फोन लावला आणि आधी तिलाच झाडलं. म्हटलं, तुझं चुकलं नाही, तू बोललीस ते बरोबरच होतं, पण माणूस बसल्या जागी झिजतोय इथे. रोज विचारतात, तिचा फोन आला का.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, माझ्या कानात तेच दोन ठोके वाजत राहतात. मी बाबांवर रागावलेली नाहीये. माझ्या दुकानात मीही कशाला हात लावत नाहीये. पाना उचलला की हात गार पडतो." आणि पुढे म्हणाली, "मी त्यांच्यासारखीच आहे ना गं. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं."

"मग हे त्यांना येऊन सांग," मी म्हटलं. "मला काय सांगतेस?"

ती आली. जावई बाहेरच मोटरसायकल पुसत थांबला, मुद्दामच. हे खुर्चीत होते. तिला बघून सावरून बसले आणि हात मांड्यांखाली घातले. ते बघून तिचा चेहरा कसानुसा झाला. पण ती रडली नाही. पिशवीतून तिने तिचा कापकामाचा गॉगल काढला आणि ह्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, पट्टा तुटलाय."

ह्यांनी गॉगलकडे बघितलं, मग तिच्याकडे. "नवीन लाल नळी आणलीत?"

"आणली. अखंड आहे. जोड नाही एकही."

"गॉगलही नवीन मिळतो दुकानात."

"मला हाच हवाय."

मी दाराआड उभी होते. तेच पातेलं माझ्या हातात होतं. मग ह्यांचा एक हात मांडीखालून निघाला. एका बोटाने ह्यांनी पट्ट्याचं टोक उचललं.

"कशाचा आहे हा?" ह्यांनी विचारलं.

एवढ्या संसारात हा प्रश्न मी ह्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. आमच्या घरातली कुठलीच वस्तू ह्यांनी कधी विचारून जोडली नव्हती.

"रबरी आहे," लेक म्हणाली. "कडी लोखंडाची आहे."

"आणि आत काय असतं?"

"आत मी असते, बाबा."

ह्यांनी गॉगल दोन्ही हातांत घेतला. कडी उजेडात धरली, पट्टा ताणून बघितला, सोडला, पुन्हा ताणला. ह्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग खुर्ची करकरली आणि हे उठले. पलंगाखाली वाकून बघितलं, तिथे पेटी अंधारात मागे सरकलेली होती, ती ह्यांना दिसेना, आणि हे माझ्यावर खेकसले, "अगं, माझी पेटी कुठे टाकलीस? या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!"